दुधाचा पंचनामा : अन्न व औषध प्रशासनाची वाटचाल, खापरच्या बाजूने

संस्थेचा इतिहास म्हटला की स्थापनेचे साल, इमारतीचे छायाचित्र आणि आजी-माजी प्रमुखांची नामावली, असा स्मरणिकांचा शिरस्ता आहे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाबद्दल तसे लिहिणे अवघड नाही. मुख्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात, मंत्रालयातले खाते वैद्यकीय शिक्षणाचे आणि औषधांचे, नंदुरबार जिल्ह्यासाठी विभाग नाशिकचा. एवढे सांगितले की पाटीवरचा मजकूर संपतो. दूध, खवा, तूप, पनीर यांच्या शुद्धतेसाठी या संस्थेने काय केले, कुठे ती पुरी पडली आणि कुठे तोकडी, हे पाहायचे तर मुंबईपेक्षा खापर बरे.

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याहून अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने गुजरातकडे निघाले की खापर लागते. सातपुड्याच्या पायथ्याचे बाजाराचे गाव. थोडे पुढे गेले की राज्याची हद्द संपते आणि नर्मदा जिल्ह्यातला सागबारा तालुका सुरू होतो. १९६० साली द्विभाषिक मुंबई राज्य फुटले, तेव्हा पश्चिम खानदेशातली काही गावे गुजरातकडे गेली. त्यात या अक्कलकुवा भागातलीही होती. नकाशावर रेघ पडली, पण सोयरिक, पलीकडच्या देवमोगरा मातेची यात्रा आणि व्यापार यांनी ती कधी फारशी मनावर घेतली नाही. दुधाच्या कॅनलाही ती दिसत नाही आणि रात्रीच्या बसच्या टपावर बांधलेल्या खव्याच्या टोपल्यांनाही नाही. ती दिसते फक्त अधिकाऱ्याला, कारण त्याची सही रेघेच्या अलीकडेच चालते.

भेसळीविरुद्धचा कायदा मात्र या रेघेपेक्षा जुना आहे. मुंबई प्रांताने १९२५ साली भेसळ प्रतिबंधक कायदा केला. त्या काळात असे कायदे प्रांतोप्रांती वेगळे होते आणि त्यांची नजर मुख्यतः नगरपालिकांच्या शहरांवर असे. एका प्रांतात भेसळीचे ठरणारे तूप शेजारच्या प्रांतात बिनबोभाट विकले जाई. हा घोळ संसदेने १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने मिटवला. १ जून १९५५ पासून तो अमलात आला आणि देशभर एकच कायदा, एकच नियमावली झाली. खापर आणि सागबारा यांच्यामध्ये राज्याची हद्द आली तेव्हा दोन्हीकडे हाच कायदा होता. अंमलबजावणीची यंत्रणा तेवढी दोन झाली.

अंमलबजावणी आरंभी आरोग्य खाते आणि स्थानिक संस्था यांच्याकडे विखुरलेली होती. औषधांवरचे नियंत्रण वेगळे चाले. सत्तरच्या दशकात महाराष्ट्राने अन्न आणि औषध ही दोन्ही कामे एका प्रशासनाखाली आणली आणि ‘एफडीए’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले. या जोडणीचा एक परिणाम दुधाच्या बाजूने पाहणाऱ्याला टोचतो. संस्थेची ख्याती आणि बदनामी दोन्ही प्रामुख्याने औषधांवरून झाली. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी ग्लिसरॉलने रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने प्रशासनाच्या कारभाराची सालटी काढली. गौरवाच्या स्मरणिकेत हे पान कुणी घालत नाही; पण इतिहास म्हणायचा तर ते घालावेच लागते. त्या गदारोळात अन्न विभाग मागच्या बाकावर राहिला, आणि अन्नातही खेड्यातले सुटे दूध सर्वांत मागे.

दुधाचा कायदा कळायला दोन आकडे पुरतात, आणि ते दूध घालणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतात : फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ. जुन्या नियमांत महाराष्ट्रातल्या म्हशीच्या दुधात किमान ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ, गायीच्या दुधात ३.५ आणि ८.५. अलीकडे देशभर एकच मापदंड झाला : म्हशीला ५ आणि ९, गायीला ३.२ आणि ८.३. दोन आकडे कशासाठी? कारण दुधाची घनता डिग्रीत दाखवणारा लॅक्टोमीटर एकटा असेल तर तो फसतो. दुधात पाणी घातले की डिग्री उतरते, साय काढली की चढते. म्हणजे आधी साय काढून घ्यायची, मग बेताने पाणी घालायचे. डिग्री जिथल्या तिथे, आणि दूधवाला लॅक्टोमीटर बुडवून दाखवायला सर्वांत पुढे! गर्बरच्या नळीत सल्फ्युरिक आम्ल आणि अमाइल अल्कोहोल घालून दूध यंत्रात गरगर फिरवले की ही चलाखी उघडी पडते. फॅट वर येऊन नळीच्या मानेवरच्या खुणांमध्ये उभी राहते आणि डोळ्यांनी वाचता येते. संकलन केंद्रावर आता ‘फॅट किती लागली’ याचे उत्तर यंत्र काही सेकंदांत देते. अधिकाऱ्याच्या नमुन्याचा निवाडा मात्र प्रयोगशाळेतच होतो.

साय काढणे आणि पाणी घालणे हा एरवी गुन्हा असला, तरी त्याच जातीची एक युक्ती मुंबईत सरकारनेच राजरोस केली होती. चाळीसच्या दशकात सरकारी अधिकारी दारा खुरोडी यांनी म्हशीच्या घट्ट दुधात दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून टोन्ड दूध काढले आणि गरिबाला परवडेल अशा भावात दिले. पुढे कायद्यानेही त्याला स्वतंत्र मापदंड दिला, ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ. फरक इतकाच की पिशवीवर ‘टोन्ड’ असे स्पष्ट लिहायचे. लेबलची ताकद इथे दिसते. तेच पातळ दूध नाव सांगून विकले तर धंदा, लपवून विकले तर भेसळ.

तुपाची गोष्ट आम्हा खानदेशकरांच्या जास्त जिव्हाळ्याची. वनस्पती तूप बाजारात आल्यापासून साजूक तुपात ते मिसळणे हा देशभरचा धंदा झाला. ते पकडायला कायद्याने एक खूण बसवली : वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे कारखान्यांना सक्तीचे केले. संशयित तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घालून हलवले की तिळाचे तेल गुलाबी-लाल रंग देते. साजूक तुपात तो रंग यायला नको. ही झाली बॉडॉइन चाचणी.

दुसरी परीक्षा बी.आर. रीडिंगची, म्हणजे तुपातून जाणारा प्रकाश किती वाकतो त्याची. जुन्या नियमांत महाराष्ट्राच्या सर्वसाधारण भागात हा आकडा ४० ते ४३ मध्ये बसावा लागे. कपाशीच्या मुलखात मात्र जनावरांच्या गव्हाणीत सरकी आणि सरकीची ढेप असते. सरकी खाल्लेल्या म्हशीचे तूप या चाचणीत वेगळे वागते. एका थेंबाची भेसळ नसताना आकडा वर जातो. शेतकऱ्याने घरी कढवलेले चोख तूप कागदावर भेसळीचे ठरावे, असा हा पेच होता. नियम करणाऱ्यांनी तो ओळखला आणि कापूसपट्ट्याला वेगळा मापदंड दिला : ४१.५ ते ४५. कापूसपट्टा कशाला म्हणायचे तेही लिहिले : जिथे गुरांना सरकी मोठ्या प्रमाणावर घालतात आणि राज्य सरकारने तसे जाहीर केले आहे, तो भाग. भेसळीच्या अख्ख्या नियमावलीत मला हा तळटिपेएवढा मजकूर सर्वांत आवडतो. दिल्लीत नियम लिहिणाऱ्याने गव्हाणीत डोकावून पाहिल्याचा तो पुरावा आहे. अर्थात सवलतीला पळवाटही असतेच. दोन मापदंडांमधल्या अंतरात बसेल इतके तेल ओतणारे लोकही याच मुलखात झाले.

आता नमुन्याकडे वळू. अन्न प्रशासनाचा खरा इतिहास आयुक्तांच्या यादीत मिळत नाही, तो नमुन्याच्या बाटलीत मिळतो. जुन्या कायद्यात अन्न निरीक्षक दुकानात येई, ओळख सांगे, पंच बोलावी, विक्रेत्याला लेखी नोटीस देई आणि दुधाचे पैसे मोजून पावती घेई. हो, नमुना विकतच घ्यायचा असतो. फुकट उचलला तर पुढे खटल्यात अडचण. मग कॅनमधले दूध नीट ढवळून एकजीव करायचे, कोरड्या स्वच्छ बाटल्यांत तीन सारखे भाग करायचे, प्रत्येक २५ मिलिलिटरला दोन थेंब या हिशेबाने फॉर्मॅलिन टाकायचे, म्हणजे दूध नासणार नाही. बूच, जाड कागद, तळापासून तोंडापर्यंत चिकटवलेली सांकेतिक क्रमांकाची चिठ्ठी, दोरा, लाखेचे शिक्के, विक्रेत्याची सही किंवा अंगठा. एक बाटली सरकारी विश्लेषकाकडे, दोन स्थानिक आरोग्य प्राधिकाऱ्याकडे. हे सगळे भर बाजारात, भोवती गर्दी, आणि बाकीचे दूधवाले एव्हाना पसार झालेले.

यातली एक पायरी चुकली की खटला गेला. दूध ढवळले नाही, बाटली ओलसर होती, विश्लेषकाच्या अहवालाची प्रत आरोपीला वेळेत मिळाली नाही, खटल्याच्या मंजुरीत त्रुटी राहिली; निकालपत्रांत ही कारणे पुन्हा पुन्हा येतात. साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्ली महापालिका विरुद्ध घिसा राम हे प्रकरण आले ते दह्याचे होते. खटला भरायला इतका उशीर झाला की आरोपीने केंद्रीय प्रयोगशाळेकडे दुसरा नमुना पाठवण्याचा हक्क बजावला तेव्हा दही तपासण्याच्या अवस्थेतच उरले नव्हते. आरोपी सुटला, आणि न्यायालयाने बरोबरच केले. ज्या पुराव्यावर माणूस तुरुंगात जाणार तो तपासून घेण्याचा त्याला हक्क हवा. दिल्लीसारख्या राजधानीत ही गत, तर सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून पावसाळ्यात निघालेल्या बाटलीचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको.

त्यात १९७६ ची दुरुस्ती आली आणि शिक्षा कडक झाली. बहुतेक गुन्ह्यांना किमान सहा महिने तुरुंगवास. हेतू चांगला होता, पण या दुरुस्तीने भेसळखोरापेक्षा खटल्यांचेच जास्त नुकसान केले असे मला वाटते. जुन्या कायद्याच्या व्याख्येत मापदंडापेक्षा कमी भरलेले दूधही ‘भेसळीचे’च. एसएनएफ जेमतेम कमी भरलेला सायकलवरचा दूधवाला आणि रसायने कालवून दूध बनवणारा कारखानदार एकाच कलमाखाली येत. शिक्षा एवढी जबर असली की न्यायालय लाखेच्या ठशापर्यंत सगळे काटेकोर तपासणारच, आणि ज्याच्याकडे चांगला वकील तो सुटणारच. खटले वर्षानुवर्षे रेंगाळले.

५ ऑगस्ट २०११ रोजी हे पर्व संपले. त्या दिवशी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ पूर्णपणे लागू झाला आणि १९५४ चा कायदा इतिहासजमा झाला. अन्न निरीक्षकाचा अन्न सुरक्षा अधिकारी झाला. तीनच्या जागी नमुन्याचे चार भाग झाले. चौथा भाग विक्रेत्याने मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा, तो मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील. सर्वांत मोठा बदल वर्गवारीचा. ‘कमी दर्जाचे’, ‘मिथ्याछाप’ (म्हणजे दिशाभूल करणारे लेबल लावलेले) आणि ‘असुरक्षित’ असे तीन वेगळे कप्पे झाले. कमी दर्जाला ५ लाखांपर्यंत आणि मिथ्याछापाला ३ लाखांपर्यंत दंड, तोही फौजदारी न्यायालयात न जाता न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे. तुरुंग उरला तो मुख्यत्वे असुरक्षित अन्नासाठी, आणि माणूस दगावला तर जन्मठेपेपर्यंत. पाणी घालणारा आणि विष घालणारा वेगळे झाले, हे उशिरा का होईना, योग्य झाले.

नव्या कायद्याने आणखी एक गोष्ट आणली, ती खापरच्या किराणा दुकानातही दिसते : चौदा आकडी क्रमांक. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या धंद्याला, किंवा दिवसाला ५०० लिटरपर्यंत दूध गोळा करणाऱ्याला नोंदणी. त्याच्या वर परवाना. सहकारी संस्थेचा सभासद असून सगळे दूध संस्थेलाच घालणाऱ्या शेतकऱ्याला यातून सूट आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. या चौदा आकड्यांतला पहिला आकडा परवाना की नोंदणी ते सांगतो, पुढचे दोन राज्य सांगतात. महाराष्ट्राचा संकेत १५, गुजरातचा ०७. म्हणून इथल्या परवान्याचा क्रमांक ११५ ने सुरू होतो, नोंदणीचा २१५ ने. सीमेपलीकडचा माल १०७ किंवा २०७ दाखवतो. केंद्राचा परवाना असलेल्या मोठ्या डेअऱ्यांचा १०० ने. दोन राज्यांचा माल एकाच फळीवर मांडणाऱ्या गावात हे ओळखता येणे मोठ्या कामाचे आहे. पनीरच्या पुड्यावर क्रमांकच नसेल, तर तो कुठून आला हे विचारण्याचीही सोय उरत नाही.

पनीरचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबतो, कारण प्रशासनाची आजची खरी लढाई तिथे आहे. वनस्पती तेल आणि दुधाची भुकटी यांपासून बनवलेला पनीरसारखा पदार्थ विकणे बेकायदा नाही. त्याला ‘ॲनालॉग’ म्हणतात, आणि नियम असा की वेष्टनावर तसे स्पष्ट लिहायचे. दुग्धजन्य पदार्थ म्हणून तो विकता येत नाही. घाऊक पेटीवर हे बारीक अक्षरांत लिहिलेलेही असते. पण पेटी हॉटेलच्या मुदपाकखान्यात फुटते आणि ताटात येते ते ‘पनीर मसाला’ म्हणून. लेबल दुकानापर्यंत पोहोचते, गिऱ्हाइकापर्यंत नाही. २०२५ च्या सुमारास हा विषय विधिमंडळात गाजला आणि हॉटेलांनी पदार्थात ॲनालॉग वापरले असेल तर तसे सांगावे, असा आग्रह प्रशासनाने धरला.

खव्याचेही तेच. दिवाळी जवळ आली की गुजरातमधून खासगी बसगाड्यांतून ‘स्पेशल बर्फी’ राज्यात येते आणि खव्याच्या जागी वापरली जाते. प्रशासन दर वर्षी साठे पकडते, वर्तमानपत्रांत फोटो येतात. घरच्या घरी खव्यात पिष्ट आहे का हे पाहायचे तर थोडा खवा पाण्यात उकळून, गार करून त्यात आयोडीनचे थेंब टाकावेत. निळा रंग आला की समजायचे. तेल ओळखायला मात्र प्रयोगशाळाच लागते.

सुट्या मिठाईला तर २०२० पर्यंत तारखेचे बंधनच नव्हते. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून मिठाईच्या ट्रेवर ‘बेस्ट बिफोर’ची तारीख लावणे सक्तीचे झाले. मोठ्या शहरात पाट्या लागल्या. आठवडे बाजारात पाल टाकून बर्फी विकणाऱ्यासमोर कोणती पाटी लावायची, याचा विचार नियम करताना कुणी केलेला दिसत नाही. आणि कधी कधी वरचेच गोंधळतात. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने प्रथिनाच्या प्रकारावरून केले जाणारे ‘ए-१’, ‘ए-२’ दुधाचे दावे वेष्टनावरून काढायचा आदेश दिला आणि आठवडाभराच्या आत तो मागे घेतला. असल्या दाव्यांवर जादा पैसे मोजणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली की गैरसोय, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

आकडेवारीचे बोलायचे तर २०११ च्या राष्ट्रीय पाहणीत दुधाच्या १,७९१ नमुन्यांपैकी ६८.४ टक्के मापदंडात बसले नाहीत. वर्तमानपत्रांनी ‘६८ टक्के दूध भेसळीचे’ असे छापले. प्रत्यक्षात सर्वांत जास्त ठिकाणी दोष फॅट आणि एसएनएफ कमी भरल्याचा होता. तरी लोकांच्या मनात बसले ते युरिया आणि डिटर्जंट. २०१६ मध्ये स्वामी अच्युतानंद तीर्थ यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दूधभेसळ रोखण्यासाठी राज्यांना सविस्तर निर्देश दिले. २०१८ च्या मोठ्या पाहणीत ६,४३२ नमुने घेतले गेले. ९३ टक्के पिण्यास सुरक्षित निघाले, घातक भेसळ अवघ्या १२ नमुन्यांत सापडली. मात्र ५.७ टक्के नमुन्यांत ॲफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेबाहेर होते, आणि ते कुणी दुधात ओतलेले नसते. बुरशी लागलेली ढेप, मका, कडबा जनावराने खाल्ला की ते दुधात उतरते. म्हणजे तुपाच्या आकड्यासारखी ही वाटही शेवटी गव्हाणीकडेच जाते, आणि तिथे पंचनामा करून भागत नाही. पावसाळ्यात ढेप कोरडी ठेवायला कुणीतरी शिकवावे लागते. हे काम पशुसंवर्धन खात्याचे. दोन खात्यांचे बोलणे मात्र अजून नमुन्यापुरतेच आहे. दुसरी गोष्ट, ही पाहणी ५० हजारांवर लोकवस्तीच्या शहरांतली होती. खापर त्यात नव्हते, अक्कलकुवा नव्हते, धडगावही नव्हते.

जून २०२३ मध्ये राज्य सरकारने दूधभेसळ रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पोलीस, अन्न प्रशासन, दुग्धविकास, वैधमापन असे सगळे त्यात आहेत. रचना चांगली आहे. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात समितीने सागबारा आणि देडियापाड्याच्या अधिकाऱ्यांनाही वर्षातून एकदा बैठकीला बोलवावे, एवढी एक सूचना या लेखाच्या निमित्ताने करतो. त्याला नवा कायदा लागत नाही, दोन पत्रे पुरतात.

वाचकांना विनंती एवढीच. दूध, पनीर, तूप, खवा घेताना बिल मागा आणि चौदा आकडे वाचा. शंका आली तर प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या नि:शुल्क क्रमांकावर तक्रार करा. आणि अन्न सुरक्षा कायद्याचे कलम ४० लक्षात ठेवा : विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क सामान्य गिऱ्हाइकालाही आहे. अट एकच, पदार्थ घेतानाच विक्रेत्याला तसे सांगायचे.